टाके आमचे, अर्थ कोणाचा?

चर्चची पताका बायका शिवतात आणि तिचा अर्थ पुरुष सांगतात. ही गोष्ट इतकी अंगवळणी पडली आहे, की तिच्यात काही खटकण्यासारखं आहे असं कोणाला वाटतच नाही. माझं म्हणणं सरळ आहे. जिने टाका घातला, तिला त्या टाक्याचा अर्थ सांगायचा हक्क आहे. हा हक्क कापडापुरता नाही. मंडळीच्या कारभारात बाईला जागा आहे का, मंडळीच्या पैशावर तिचा शब्द चालतो का, आणि नवऱ्याने मारलं तर मंडळी तिच्या बाजूने उभी राहते का, हे सगळे प्रश्न त्याच्याशी बांधलेले आहेत.

आपल्या बऱ्याच वाचक मैत्रिणी ख्रिस्ती नाहीत, म्हणून दोन-चार गोष्टी आधी सांगते. आमच्याकडे ‘मंडळी’ म्हणजे एका चर्चमध्ये उपासनेला जमणारा समाज. ‘पाळक’ उपासना चालवतात. कारभार कमिटी पाहते आणि काही पंथांत या कारभाऱ्यांना ‘वडील’ म्हणतात. बायकांचं महिला मंडळ वेगळं असतं. मी ख्रिस्ती घरातली आहे, आणि समाजकार्याच्या निमित्ताने अमरावती-अकोला जिल्ह्यांतल्या बायकांच्या गटांमध्ये माझं सतत येणंजाणं असतं. पुढे जे लिहिते आहे ते एका गावाचं नाही, म्हणून कोणत्याही मंडळीचं नाव घेत नाही. ज्यांना आपल्या मंडळीची आठवण येईल त्यांनी ती येऊ द्यावी.

पताका कशी होते?

आता चौकाचौकात फ्लेक्स लागतात. पण वर्धापनदिन, शताब्दी, झावळ्यांचा रविवार, नाताळची फेरी, कापणीचा सण अशा प्रसंगी हाताने केलेली पताकाच लागते. देवाच्या घरात फ्लेक्स बरा दिसत नाही, असं कमिटीलाही वाटतं. मग निरोप येतो, ‘महिला मंडळाने पाहावं.’

पाहावं म्हणजे काय? बाजारात जाऊन मखमल किंवा साटीन आणायचं. पैसे कमी पडले की आपसात वर्गणी काढायची. जरीचा काठ कोणाच्या तरी लग्नातल्या साडीचा निघतो, अस्तराला जुनं पातळ लागतं. चित्र कागदावर काढून खडूने कापडावर उतरवायचं. जिच्याकडे मशीन आहे तिने कडा मारायच्या, बाकीच्यांनी साखळी टाक्याने अक्षरं भरायची, टिकल्या लावायच्या, झालर जोडायची. हे सगळं दुपारी, भांडी आवरल्यावर आणि मुलं शाळेतून यायच्या आत. ज्या मजुरीला जातात त्या रात्री येतात.

थोडा हिशोब मांडू. समजा सहा बायका रोज दोन तास बसल्या आणि पताकेला चाळीस दिवस लागले. म्हणजे ४८० तास झाले. आठ तासांचा एक दिवस धरला तर ही ६० दिवसांची मजुरी होते. मांडववाल्याचं बिल मंडळीच्या जमाखर्चात लागतं, लाउडस्पीकरवाल्याचं लागतं, हारतुऱ्यांचंही लागतं. हे ६० दिवस कुठेच लागत नाहीत. वार्षिक अहवालात फार तर एक ओळ येते, की महिला मंडळाने सुंदर पताका तयार केली, त्यांचे आभार.

त्या दुपारी तिथे आणखीही काही घडत असतं. सुई चालू असताना बायका बोलतात. कोणाच्या नवऱ्याची दारू, कोणाच्या मुलीला सासरी होणारा त्रास, कोणाची गर्भपिशवी काढायला सांगितली आहे, कोणाच्या घरी किराणा संपला आहे. आपण गटबांधणीच्या शिबिरांत जे घडवण्यासाठी धडपडतो, ते त्या चटईवर आपोआप घडत असतं. एकीची फी दुसरी भरते. मार खाऊन आलेली बाई दोन रात्री तिसरीकडे राहते. पताकेचा हाही एक अर्थ आहे. समर्पणाच्या दिवशी तो कोणी सांगत नाही, कारण बोलणारा त्या चटईवर कधी बसलेला नसतो.

समर्पणाचा कार्यक्रम सगळीकडे साधारण सारखाच. पताका दांडीला लावून पुढे आणतात. प्रार्थना होते. मग कोणी पाळक, कोणी पाहुणे किंवा कमिटीतले ज्येष्ठ गृहस्थ चिन्हांचा अर्थ समजावून सांगतात. रंग कशाचा, क्रूस कशाचा, मुकुट कशाचा. शिवणाऱ्या बायका त्या वेळी मागच्या बाजूला चहा आणि चिवड्याच्या तयारीत असतात. अशाच एका कार्यक्रमानंतर भगोनी घासताना एक वयस्क बाई मला म्हणाली, ‘टाके आमचे, अन् मतलब त्याईचा. असं काहून व बाई?’

या प्रश्नाचं उत्तर आम्हाला मिळालेलं नाही. म्हणून आता ती चिन्हंच एकेक करून पाहू.

गंगाळ, तेल, कमळ, प्याला

वऱ्हाडात प्रॉटेस्टंट मंडळ्यांपैकी बऱ्याच अलायन्सच्या आहेत. ए. बी. सिम्प्सन यांनी १८८७ साली अमेरिकेत सुरू केलेली ही चळवळ त्याच शतकाच्या अखेरीस वऱ्हाडात आली आणि अकोला तिचं मोठं केंद्र झालं. या चळवळीच्या जगभरच्या चिन्हात चार वस्तू आहेत. क्रूस म्हणजे तारणारा ख्रिस्त, गंगाळ म्हणजे शुद्ध करणारा, तेलाचं भांडं म्हणजे बरं करणारा आणि मुकुट म्हणजे पुन्हा येणारा राजा.

गंगाळाचं पाहा. निर्गमाच्या पुस्तकात दर्शनमंडपापुढे याजकांना हातपाय धुण्यासाठी पितळी गंगाळ ठेवल्याचं वर्णन आहे. ते पितळ आलं कुठून? ३८ व्या अध्यायात स्पष्ट सांगितलं आहे, की दर्शनमंडपाच्या दाराशी सेवा करणाऱ्या स्त्रियांच्या आरशांचं ते गंगाळ बनवलं. बायकांनी आपले आरसे दिले, म्हणून याजकांना शुद्ध होता आलं. पताकेवर गंगाळ आहे, शुद्धीकरणावरची प्रवचनं आहेत. पण हे आरसे ज्या प्रवचनात आले असं प्रवचन मी आजवर ऐकलेलं नाही.

त्याच पुस्तकात ३५ व्या अध्यायात मंडपासाठी निळं, जांभळं, किरमिजी सूत आपल्या हातांनी कातून आणणाऱ्या बायका आहेत. त्यांचं कौतुक आहे, नाव एकीचंही नाही. लगेच पुढे कारागिरांची नावं येतात, बसालेल आणि अहलियाब, वडिलांच्या नावासह आणि वंशासह. भरतकामाची बुद्धीही त्यांनाच दिली असं म्हटलं आहे. सूत बायकांचं आणि नाव बसालेलचं. आमच्या अहवालातली आभाराची ओळ किती जुनी आहे, हे यावरून कळतं.

आता तेल. आजाऱ्याने मंडळीच्या वडिलांना बोलवावं, त्यांनी तेल लावून प्रार्थना करावी, असं याकोबाच्या पत्रात आहे. त्या आधारावर तेल लावण्याचा अधिकार वडिलांकडे गेला आणि वडील म्हणजे पुरुष, असं ठरलं. पण येशूच्या डोक्यावर सुगंधी तेल ओतलं ते बेथानीतल्या एका बाईने. पुरुषांनी तिला पैशाची नासाडी केली म्हणून दटावलं, तेव्हा येशूने तिची बाजू घेतली आणि जिथे जिथे सुवार्ता सांगतील तिथे तिथे हिने केलेलं हिच्या आठवणीसाठी सांगतील, असं म्हटलं. मार्काने ही गोष्ट लिहिली आणि तिचं नाव लिहायचं राहूनच गेलं. आजाऱ्याच्या उशाशी रात्रभर बसून अंगाला तेल चोळते ती घरातली बाईच. पताकेवरचं तेलाचं भांडं हे तिचंही चिन्ह आहे, असं म्हणायला कोणाची परवानगी लागावी?

आणि ज्या गावांत हे गंगाळ भरतकामात उतरतं, ती गावं कोणती? पूर्णेच्या दोन्ही बाजूंनी पसरलेला खारपाणपट्टा आपल्या सगळ्यांना माहीत आहे. दर्यापूर, अकोट, तेल्हारा, बाळापूर या भागांत विहिरीला पाणी लागलं तरी ते तोंडात धरवत नाही. गोडं पाणी आणायचं काम घरात कोणाचं आहे, हे इथल्या कार्यकर्तीला सांगायला नको. डोक्यावर हंडा वाहणाऱ्या बाईने रेशमी दोऱ्याने पाण्याचं भांडं भरलं, तर त्या भांड्याविषयी तिला काहीतरी सांगायचं असेल. ते कोणी विचारलं पाहिजे.

दुसरं चिन्ह चर्च ऑफ नॉर्थ इंडियाचं. हे ऐक्य आपल्या नागपुरातच, २९ नोव्हेंबर १९७० रोजी झालं; सहा वेगवेगळ्या परंपरांच्या मंडळ्या एक झाल्या. चिन्हात क्रूस, कमळ आणि प्याला आहे. कमळ भारतीय मातीचं आणि प्याला प्रभुभोजनाचा, हा अर्थ चांगलाच आहे. पण तो प्याला धुते कोण, टेबलावरचं पांढरं कापड इस्त्री करते कोण, आणि प्याला हातात घेऊन बोलतं कोण? चर्च ऑफ साउथ इंडियाने १९७६ साली एलिझाबेथ पॉल यांना दीक्षा दिली आणि २०१३ साली ई. पुष्पा ललिता नंद्यालच्या बिशप झाल्या. अलायन्सच्या अमेरिकेतल्या शाखेने २०२३ साली स्त्रियांना दीक्षा आणि पाळक ही पदवी द्यायचं ठरवलं, पण ‘वडील’ हे पद पुरुषांकडेच ठेवलं. दार उघडतं आहे, हे खरं. पण ते किती सावकाश उघडतं आहे हेही पाहा. गंगाळासाठी आरसे द्यायला बायकांना इतका वेळ लागला नव्हता.

सुई कोणी हातात दिली?

वऱ्हाडातल्या ख्रिस्ती बायकांच्या हाती सुई आली तिलाही इतिहास आहे. १८९६-९७ आणि त्यापाठोपाठ १८९९-१९०० हे दुष्काळ वऱ्हाड-मध्यप्रांताने भोगले. आईबाप गमावलेल्या मुली मिशनच्या अनाथालयांत आल्या. तिथे त्यांना अन्न मिळालं, अक्षर मिळालं आणि शिवण मिळालं. हे उपकार कमी नव्हते. अक्षर मिळालं म्हणून आमच्या आज्या-पणज्या नर्स झाल्या, शिक्षिका झाल्या, गावोगाव पायी फिरून सुवार्ता सांगणाऱ्या बायबलबाया झाल्या. पण शिवण शिकवण्यामागे आणखी एक हेतू होता. मान खाली, हात कामात आणि तोंड बंद, अशी सुशील ख्रिस्ती गृहिणी घडवायची होती. त्या शिक्षणाचं हे दुसरं टोक आजही आमच्या महिला मंडळांत शिल्लक आहे.

त्याच दुष्काळात पंडिता रमाबाई मध्य प्रांतात आल्या आणि उपाशी मुली-बायकांना केडगावला घेऊन गेल्या. मुक्तीमध्येही शिवण होतं, विणकाम होतं. पण तिथे छापखानाही होता. रमाबाई हिब्रू आणि ग्रीक शिकल्या आणि अख्खं बायबल त्यांनी स्वतः मराठीत आणलं. खिळे जुळवणं, छापणं, बांधणं ही कामं मुक्तीतल्या बायकांनी केली. १९२२ साली रमाबाई गेल्या आणि १९२४ साली ते बायबल प्रसिद्ध झालं. रमाबाई पंडिता होत्या म्हणून त्यांना जमलं, असं कोणी म्हणेल. मान्य. पण खिळे जुळवणाऱ्या बायकांत दुष्काळातून वाचलेल्या, अक्षरशत्रू म्हणून आलेल्या मुलीही होत्या. शास्त्राचा अर्थ बायकांच्या हातून घडू शकतो, हे या महाराष्ट्रात शंभर वर्षांपूर्वी सिद्ध झालेलं आहे. आम्ही मात्र रमाबाईंचा फोटो लावतो आणि बायकांना पताका शिवायला सांगतो.

‘सेवा गुप्त असावी’

या विषयावर तोंड उघडलं की ठरलेली उत्तरं येतात. एकेक घेऊ.

पहिलं उत्तर, सेवा गुप्त असावी, नाव कशाला पाहिजे? ठीक आहे. मग चर्चच्या दारातली संगमरवरी पाटी पाहू या. कोनशिला कोणाच्या हस्ते बसली त्यांचं नाव आहे. पंख्याच्या पात्यावर देणगीदाराचं नाव आहे. बाकाच्या पाठीवर ‘यांच्या स्मरणार्थ’ आहे. आजवरच्या पाळकांच्या नावांचा फलक भिंतीवर आहे. हे सगळं गुप्त सेवेत बसत असेल, तर पताकेच्या अस्तरावर सहा बायकांची नावं भरल्याने ख्रिस्ती नम्रतेला कोणता धक्का बसणार आहे? नम्रता हा सद्गुण आहे. तो सगळ्यांना सारखा लागू झाला, तर आमची काही तक्रार नाही.

दुसरं उत्तर, बायकांना हे काम आवडतं, तुम्ही शहाण्या उगाच त्यांना चिथावता. आवडतं हे अगदी खरं आहे. रंग निवडण्यात, नवा टाका शिकण्यात, आपण केलेली वस्तू मिरवणुकीच्या पुढे चालताना पाहण्यात जो आनंद आहे, तो मी पाहिलेला आहे आणि तो कोणी हिरावून घेऊ नये. पण काम आवडतं म्हणून त्याचा मोबदला, नाव आणि अधिकार द्यायचा नाही, हा न्याय पाळकांना कोणी लावतं का? त्यांनाही प्रवचन करायला आवडतंच.

तिसरं उत्तर जास्त गंभीर आहे आणि ते आपल्याच माणसांकडून येतं. समाजावर बाहेरून दडपण असताना घरातलं भांडण चव्हाट्यावर का आणता? हे दडपण मला कोणी शिकवायला नको. वऱ्हाडातले बहुसंख्य ख्रिस्ती दलित आहेत. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जातींच्या सवलती हिंदूंपुरत्या ठेवल्या. १९५६ साली शिखांना आणि १९९० साली बौद्धांना त्यात घेतलं, ख्रिस्ती बाहेर राहिले. एकाच मोहल्ल्यात, एकाच जातीच्या दोन चुलत बहिणींपैकी एकीला सवलत मिळते आणि दुसरीला नाही. प्रार्थनेला जमलेल्यांना दमदाटी होते, त्याचीही धास्ती असते. पण दडपण आहे म्हणून बायकांनी थांबावं, हे आपण स्वातंत्र्यलढ्यापासून ऐकत आलो आहोत. वादळ कधीच संपत नाही, म्हणून बायकांची पाळीही कधी येत नाही. आणि हक्कासाठी मोर्चा निघतो तेव्हा पुढचं कापड कोण शिवतं? पुन्हा त्याच.

चौथा आक्षेप आपल्या चळवळीतला आहे. काही मैत्रिणी म्हणतात, धर्माच्या नादी लागूच नका, चर्चच्या पताकेवर शाई कशाला खर्च करायची? त्यांना मी एवढंच विचारते, की आठवड्यातून एकदा नवऱ्याला न विचारता घराबाहेर पडण्याची जागा या बाईला दुसरी कोणती आहे? जिथे ती जमते तिथेच तिचा हक्क मागावा लागेल. आणि हाच प्रश्न आपल्या संघटनांच्या कापडी फलकालाही लावून पाहावा. ८ मार्चचं बॅनर कोण रंगवतं, दांडी कोण धरतं आणि माइक कोणाच्या हातात असतो?

अर्थ सांगणाऱ्यांनी लग्नाचाही अर्थ सांगितला

चिन्हांचा अर्थ सांगण्याचा अधिकार ज्यांच्याकडे राहतो, ते तिथेच थांबत नाहीत. तेच लग्नाचाही अर्थ सांगतात. देवाने जोडलेलं माणसाने तोडू नये, हे वचन मार खाणाऱ्या किती बायकांना ऐकवून परत पाठवलं गेलं असेल, त्याचा हिशोब कुठल्याच मंडळीच्या दप्तरात नाही.

कायदाही त्यांच्याच बाजूने उभा होता. १८६९ च्या घटस्फोट कायद्याप्रमाणे नवऱ्याला बायकोचा व्यभिचार एवढं एकच कारण पुरत असे. बायकोला मात्र व्यभिचार आणि त्याच्या जोडीला क्रूरपणा, किंवा व्यभिचार आणि दोन वर्षं टाकून देणं, असं जोडून सिद्ध करावं लागे. नुसती मारहाण पुरत नसे, नुसतं टाकून देणंही पुरत नसे. याच कायद्याच्या ३४ व्या कलमाने नवऱ्याला बायकोच्या प्रियकराकडून नुकसानभरपाई मागता येई, म्हणजे बायको ही त्याची मालमत्ता. १९९५ साली केरळ उच्च न्यायालयाने आणि १९९७ साली मुंबई उच्च न्यायालयाच्या पूर्ण पीठाने या अन्यायावर बोट ठेवलं. संसदेने कायदा बदलला तो २००१ साली. १३२ वर्षं लागली. तो बदल आपोआप झाला नाही. दिल्लीच्या जॉइंट विमेन्स प्रोग्रॅमसारख्या संघटनांनी आणि चर्चमधल्या बायकांनी वर्षानुवर्षं मसुदे केले, बैठका घेतल्या, पुढाऱ्यांची मनधरणी केली.

वऱ्हाडाला तर हे नवं नसावं. जुलै १९४२ मध्ये नागपूरला दलित महिलांची अखिल भारतीय परिषद भरली. अध्यक्ष होत्या अमरावतीच्या सुलोचनाबाई डोंगरे. बायकांना घटस्फोटाचा हक्क हवा, असा ठराव त्या परिषदेने केला. ख्रिस्ती बाईला मारहाणीच्या कारणावरून सुटकेचा सरळ हक्क मिळायच्या जवळजवळ साठ वर्षं आधी अमरावतीच्या एका दलित बाईने ते व्यासपीठावरून मांडून घेतलं होतं. त्या आमच्या शेजारच्याच वस्तीतल्या होत्या. आम्ही त्यांच्याकडून शिकायला हवं होतं.

सुई रस्त्यावरही येते

म्हणून पताका शिवणं सोडा, असं मी म्हणत नाही. सुईत किती ताकद आहे, हे जगाने पाहिलं आहे. १३ जून १९०८ रोजी लंडनच्या रस्त्यांवर मताच्या हक्कासाठी हजारो बायका निघाल्या. त्यांच्या हातांत भरतकामाच्या पताका होत्या, कोणावर मेरी क्यूरीचं नाव, कोणावर जोन ऑफ आर्कचं, कोणावर फ्लॉरेन्स नाइटिंगेलचं. त्यांतल्या बऱ्याच पताकांची आखणी मेरी लाउंड्स यांनी केली होती, आणि त्या मूळच्या चर्चच्या खिडक्यांसाठी रंगीत काचकाम करणाऱ्या कलावंत. चर्चसाठी कमावलेलं कसब त्यांनी बायकांच्या हक्काला जोडलं. पताकेवर कोणाचं नाव असावं, हे बायकांनी ठरवलं. इंग्लंडमध्ये मताचा हक्क १९१८ साली अर्धामुर्धा आणि १९२८ साली पुरुषांच्या बरोबरीने मिळाला.

चिली देशात १९७३ साली लष्कराने सत्ता बळकावली आणि माणसं नाहीशी होऊ लागली. त्यांच्या आया, बायका, बहिणी एकत्र बसून पोत्याच्या कापडावर जुन्या कपड्यांचे तुकडे शिवू लागल्या. तुकड्यांतून चित्रं तयार झाली. तुरुंग, रिकामी खुर्ची, ‘कुठे आहेत ते?’ असं विचारणाऱ्या बायका. सांतियागोच्या कॅथलिक चर्चने त्यांना जागा दिली आणि कापडं देशाबाहेर विकायची सोय केली. वर्तमानपत्रं गप्प होती तेव्हा ही ठिगळं बोलली. चर्च आणि सुई यांचं नातं असंही असू शकतं. चर्चने छप्पर दिलं आणि काय शिवायचं हे बायकांनी ठरवलं.

आमच्या वाकळीत, गोधडीत हे कसब आहेच. प्रश्न ते कोणाच्या आज्ञेने चालतं एवढाच आहे.

मागण्या

मंडळीतल्या बायकांनी आणि त्यांच्याबरोबर काम करणाऱ्या गटांनी येत्या वार्षिक सभेत पुढील गोष्टी ठरावाने मागाव्यात असं मला वाटतं.

एक, पताकेवर काय असावं हे महिला मंडळ ठरवील. त्यांना क्रूसाशेजारी पऱ्हाटीचं बोंड, ज्वारीचं कणीस किंवा पाण्याचा हंडा हवा असेल, तर तो राहील.

दोन, शिवणाऱ्या प्रत्येकीचं नाव अस्तरावर भरलं जाईल. जिला लिहिता येत नाही तिचंही.

तीन, समर्पणाच्या वेळी चिन्हांचा अर्थ शिवणाऱ्यांपैकी एक बाई सांगेल. त्या वेळी चहाचं पातेलं तरुण संघाची मुलं सांभाळतील. त्यांनी सुईही हातात घेतली तर चांगलंच.

चार, कापड-दोऱ्याचा खर्च मंडळीच्या निधीतून होईल आणि लागलेले तास वार्षिक अहवालात लिहिले जातील.

पाच, कमिटीत निम्म्या जागा बायकांच्या असतील आणि खजिनदाराचं पद पाळीपाळीने त्यांच्याकडे येईल. ‘महिला प्रतिनिधी’ म्हणून एकीला कोपऱ्यात बसवलेलं चालणार नाही.

सहा, नवराबायकोच्या तंट्यात कमिटीपुढे बाईला एकटीला उभं केलं जाणार नाही. तिने निवडलेल्या दोन बायका बरोबर असतील, २००१ नंतरचा कायदा तिला आधी समजावून दिला जाईल, आणि घरी परत जाण्याचा आग्रह कोणी धरणार नाही.

यातली पहिली चार कलमं बहुतेक ठिकाणी हसून मान्य होतील. पाचव्याला कपाळावर आठ्या पडतील आणि सहाव्याला शास्त्रवचनं निघतील. त्या वेळी बायकांनी निर्गमाचा ३८ वा अध्याय उघडावा, आरशांची ओळ मोठ्याने वाचावी आणि मग सहाव्या कलमावर मतदान मागावं.